अमोनाइटला पाण्यात सोडलं तो दिवस

गोव्यात भूशास्त्र शिकवणाऱ्याला एक खंत कायम असते. इथे विद्यार्थ्यांना दाखवायला जीवाश्म नाहीत. चिऱ्याखालचे बहुतेक खडक अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचे किंवा त्याहून जुने, म्हणजे शंखशिंपले वागवणारे प्राणी जन्माला यायच्या कितीतरी आधीचे. त्यामुळे आमच्या विभागाच्या कपाटातला कच्छचा अमोनाइट, म्हणजे गुंडाळलेल्या शंखात राहणाऱ्या एका नामशेष समुद्री प्राण्याचा जीवाश्म, मला जिवापाड प्रिय आहे. तो तिथल्या जुमारा गावचा, मॅक्रोसेफॅलाइट्स नावाच्या प्रकारातला. वय सुमारे साडेसोळा कोटी वर्षं, अंगाने गरगरीत, तळहात भरेल एवढा. कुणीतरी पूर्वी तो मधोमध कापून घासून ठेवलाय. कापलेल्या बाजूवर ओलं बोट फिरवलं की आतले कप्पे एकदम उठून दिसतात. बाहेरच्या कडेला अगदी लागून दोऱ्याएवढी काळसर रेघ जाते. ती त्याची नळी. प्राणी जिवंत असताना याच नळीतून कप्प्यांतलं पाणी शोषून घेतलं जायचं आणि जागा वायूने भरायची. शंख जड असूनही त्यामुळे तो पाण्यात तरंगत राहायचा.

पेडण्याहून येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने हा प्राणी पोहायचा कसा, हा विषय प्रकल्पाला घेतला. अडचण उघड होती. शंख उरतो, मांस उरत नाही. अमोनाइटचे स्नायू जवळजवळ कधीच सापडत नाहीत. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरला १९९८ मध्ये मिळालेला एक नमुना हा दुर्मीळ अपवाद. क्ष-किरण आणि न्यूट्रॉन वापरून त्याच्या आतले स्नायू पाहिले गेले आणि २०२२ मध्ये ते संशोधन छापून आलं. हा प्राणी पाण्याची चिळकांडी मारून पुढे जात असावा, असा त्याचा रोख होता. आमच्या हाती तसलं काही नव्हतं. होता तो फक्त आकार.

पण आकारातूनही खूप काही काढता येतं. शेवटच्या मोठ्या कप्प्यात प्राणी राहायचा, वजन तिथे. बाकीच्या कप्प्यांत वायू. त्यामुळे गुरुत्वमध्य एका ठिकाणी येतो आणि पाणी ज्या बिंदूतून वर ढकलतं तो दुसऱ्या ठिकाणी. दोन्ही एकाखाली एक आले की शंख स्थिर होतो आणि तोंड कुठल्या दिशेला राहील ते ठरतं. दोन बिंदूंत अंतर जितकं जास्त तितका तो ढळायला कठीण. राहण्याचा कप्पा अर्ध्या वेढ्याचा असेल तर वजन खाली एकवटतं. तोच पूर्ण वेढ्याचा असेल तर वजन सगळीकडे पसरतं आणि स्थिरता घटते. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ ट्रूमन यांनी १९४० च्या सुमारास हे गणित कागदावर मांडलं होतं. आज ते संगणक करतो.

आम्ही थ्रीडी प्रिंटरवर दोन मॉडेलं काढली. एक आमच्या गरगरीत नमुन्याचं, दुसरं चपट्या, धारदार कडेच्या अमोनाइटाच्या मापांवरून. प्लॅस्टिकची घनता १.२७, खऱ्या शंखाची दुपटीच्या आसपास. म्हणून आत पोकळ्या ठेवून, शिशाचे तुकडे बसवून गुरुत्वमध्य हिशेबात आला होता तिथेच आणावा लागला. प्राणिशास्त्र विभागाची फायबरची टाकी मागून आणली आणि करंझाळ्याहून कॅनमधून समुद्राचं पाणी आणून ती भरली. नळाच्या पाण्यावर भागलं नसतं. खाऱ्या पाण्याची घनता थोडीच जास्त, पण ना बुडणाऱ्या ना वर येणाऱ्या वस्तूला तेवढा फरकही पुरतो.

तो तुळशीच्या लग्नाचा दिवस होता. प्रयोगशाळेतले काका ऊस आणि चिंचेची फांदी घेऊन लवकर घरी जायच्या तयारीत होते. मॉडेल पाण्यात सरळ उभं राहिलेलं पाहून ते थांबले.

"मॅडम, आमच्या देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामावर हेच चक्र आहे. पण तो आडवा असतो. तुम्ही याला उभं का केलंत?"

दिवसभरातला सगळ्यात नेमका प्रश्न तो होता. गंडकीचे शाळिग्राम म्हणजे काळ्या गोट्यात अडकलेले अमोनाइटच, आमच्या नमुन्याहून काहीसे नंतरच्या काळातले. खडकात ते आडवे दिसतात, कारण प्राणी मेल्यावर रिकामा शंख चिखलावर पडला की चपट्या बाजूवरच स्थिरावतो. त्याआधी तो कुठवर वाहत गेला असेल याचाही नेम नाही. अमोनाइटचा आज जिवंत असलेला शंखधारी नातेवाईक म्हणजे नॉटिलस; त्याचे रिकामे शंख आजही शेकडो किलोमीटर वाहत जातात. खडक आपल्याला त्याची मेल्यानंतरची बैठक दाखवतो. जिवंतपणीची बैठक तोलाच्या गणितातूनच काढावी लागते. काकांनी मान हलवली आणि ऊस भिंतीला टेकवून ते टाकीशीच बसले.

मग माझ्या विद्यार्थिनीने मॉडेलमधला छोटा पंप सुरू केला. चिळकांडी तोंडातून आडवी सुटली आणि मॉडेल मागे जाण्याऐवजी पाळण्यासारखं डुलायला लागलं. पंप वाढवला की डुलणं वाढे, सरकणं जेमतेम. कारण कागदावर काढताच लख्ख दिसलं. चिळकांडीची रेघ गुरुत्वमध्याच्या वरून जात होती, त्यामुळे बरंचसं बळ शंख फिरवण्यात खर्च होत होतं. तिने चिळकांडी सोडणाऱ्या नळीचं टोक थोडं वर वाकवलं. रेघ गुरुत्वमध्यातून गेली, डुलणं जवळजवळ थांबलं आणि मॉडेल मागे, जरासं खाली, सरळ सरकत टाकीच्या दुसऱ्या भिंतीला लागलं. तिने मला मिठीच मारली.

नॉटिलसची चिळकांडी सोडणारी नळी मांसल असते, त्याला ती हवी तशी वळवता येते. अमोनाइटला ती तशीच होती हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण ताठ नळीवर या बांध्याच्या प्राण्याची ताकद डुलण्यातच गेली असती, असं मी आता ठामपणे म्हणेन. मॉडेल हाताने हलवून हे कळलं नसतं. त्याला स्वतःच्या जोरावर सोडावंच लागलं.

नंतर नळी बाजूला वळवली. गरगरीत मॉडेल जागच्या जागी सहज फिरलं. चपटं नाखुशीने वळलं, पण सरळ सोडल्यावर पंप बंद झाल्यानंतरही लांबवर घसरत गेलं. यूटा विद्यापीठात पीटरमन आणि रिटरबुश यांनी २०२२ मध्ये यंत्रचलित अमोनाइट पोहवून हीच देवाणघेवाण दाखवली होती: रुंद शंख वळायला सोपा, अरुंद शंख सरळ जायला. ती वाचणं वेगळं आणि करंझाळ्याच्या पाण्यात समोर घडताना पाहणं वेगळं. अमोनाइट इतक्या तऱ्हांचे का होते, याचा निदान एक धागा त्यात आहे. सगळ्यांना एकाच रीतीने जगायचं नव्हतं. पाठलाग चुकवताना कुणाला झटकन वळणं उपयोगी, कुणाला दूर निसटणं.

काका लग्नाला उशीर होईल म्हणून निघाले. जाताना म्हणाले, "पण आमच्या शाळिग्रामावर उंच रेघा आहेत, तुमचं प्लॅस्टिक गुळगुळीत."

बरोबर होतं. आमच्या नमुन्यावरही फासळ्या आहेत, पहिल्या मॉडेलवर आम्ही त्या मुद्दाम सोडल्या होत्या. त्यांच्याभोवती पाणी कसं वळतं हे आता पाहायचंय. मुलीने त्याच संध्याकाळी फासळ्यांची उंची कॅलिपरने मोजायला घेतली.