दुसऱ्या व्हायोलिनच्या गटात वाजवताना

हौशी वाद्यवृंदाच्या दुसऱ्या व्हायोलिनच्या गटात मी दाखल झालो, तेव्हा घरच्या रियाजात बाखची डी मायनर पार्टिटा (नृत्यप्रकारांवर बेतलेल्या भागांची मालिका) चालू होती. एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या ज्या सहा रचनांचे बाखच्या हस्ताक्षरातील हस्तलिखित १७२० सालचे आहे, त्यांतली ही एक. तिची शेवटची शाकोन (पाचवा भाग) आधीच्या चारही भागांना मिळून जेवढा वेळ लागतो जवळजवळ तेवढी लांब असल्यामुळे ती बाजूला ठेवायची आणि पहिले चार भाग नीट बसवायचे, एवढेच माझे उद्दिष्ट होते. तालमी सुरू झाल्या आणि घरचा बहुतेक वेळ पुढच्या तालमीची पाने वाजवण्यात जाऊ लागला.

म्हणून मी ती पानेच बारकाईने तपासली. त्यांतला मोठा भाग साथीचा असतो, आणि तो घरी घोटून फारसे काही साधत नाही. काही जागा तर एकट्याने वाजवून कळतच नाहीत. चायकॉव्स्कीच्या सहाव्या सिम्फनीच्या (१८९३) अखेरच्या भागात सुरुवातीची धून पहिल्या आणि दुसऱ्या व्हायोलिनमध्ये एकाआड एक स्वर अशी वाटलेली आहे. श्रोत्याला ऐकू येणारी धून दोघांपैकी कोणाच्याच पानावर नसते. अशा जागेसाठी ध्वनिमुद्रण लावून सर्व वाद्यांचे एकत्रित स्वरलेखन पाहत बसणे जास्त उपयोगी पडते. खरोखर बोटांचा कस लागेल अशा ओळी एका कार्यक्रमात मोजक्याच निघतात. त्यांवर पेन्सिलीने खूण करायची, मेट्रोनोम लावून संथ लयीपासून त्या वाढवत न्यायच्या आणि तेही पार्टिटाचा रियाज आटोपल्यावर, असा क्रम मी लावून घेतला. कार्यक्रम तोंडावर आला की हा क्रम उलटा करतो. समूहात नाव दिल्यावर शेजारच्याच्या भरवशावर वाजवणे मला पटत नाही.

वेळेपेक्षा अवघड प्रश्न कानाचा निघाला. मेजर कॉर्डमधला (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीतला) तिसरा स्वर आमच्या वाट्याला बरेचदा येतो आणि तो बाकीच्यांत मिसळावा म्हणून पियानोच्या समविभागी (सप्तकाचे बारा समान भाग करून ठरवलेल्या) सुरापेक्षा सुमारे १४ सेंट (एक सेंट म्हणजे अशा एका भागाचा शंभरावा हिस्सा) उतरता, म्हणजे मूळ स्वराशी ५:४ या प्रमाणात, घ्यावा लागतो. (तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार तो हाच.) एकट्याने धून वाजवताना मात्र वरच्या षड्जाकडे ओढ घेणारा निषाद थोडा चढा लागला, तरच ती ओळ जिवंत वाटते. तालमीहून आल्यावर माझे हे निषाद हटकून उतरलेले असत. आता मी प्रत्येक स्केल दोनदा वाजवतो: एकदा मोकळ्या तारेचा सूर सोबत धरून आणि एकदा निव्वळ धून म्हणून. बाखला दोन्ही लागतात, कारण त्याच्या एकाच ओळीत कॉर्डही असते आणि धूनही. त्यामुळे हा वेळ कोणत्या खात्यावर मांडायचा, हा प्रश्नच उरत नाही.

गजाचेही तसेच झाले. मागच्या रांगेत सगळे आखडून वाजवतात, तशी आवाज लहान ठेवण्याची सवय हाताला लागते. तिच्यावर उतारा म्हणून तालमीच्या दुसऱ्या दिवशी मी मोकळ्या तारांवर पूर्ण गजाचे लांब स्वर वाजवतो. लयीच्या बाबतीत मात्र समूहाचे ऋण मोठे आहे. पार्टिटातल्या साराबांदच्या (तिसऱ्या भागाच्या) तीन मात्रांत कॉर्ड वाजवून झाल्यावर मी घेत असलेला अवास्तव विसावा एकांतात कधीच जाणवला नव्हता. रिकाम्या मात्रा मोजायची सवय लागल्यावर तो कानाला खटकू लागला.

एका कार्यक्रमात मी भाग घेतला नाही. पानांचे वाटप होण्याआधीच सांगितल्यामुळे गटप्रमुखांनी ते सहज मान्य केले, आणि तेवढ्या अवधीत कुरांत आणि जिग (दुसरा आणि चौथा भाग) मार्गी लागले. साराबांदच्या कॉर्ड अजून तुटक येतात, तेव्हा खरे तर पुन्हा सुट्टी घ्यायला हवी. पण पुढच्या यादीत संगीतकार ब्राम्सची रचना आहे, त्यामुळे तो विचार मी तूर्त पुढे ढकलला आहे.