गरम स्पिंडलला ग्रीस पाजू नका

कोल्हापूरहून आणलेल्या जुन्या व्हर्टिकल मिलिंग मशीनचं हेड (कटर फिरवणारा दांडा, म्हणजे स्पिंडल, ज्यात असतो तो भाग) अर्ध्या तासात इतकं तापलं, की वर हात टेकवेना. पोऱ्या ग्रीसगन घेऊन तयारच. "काका, दोन पंप मारू?" म्हटलं, ठेव ती खाली.

तापलं की ग्रीस मार, हा समज आमच्या रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीपासून मिरजोळ्याच्या एमआयडीसीपर्यंत सगळीकडे. मासेमारी लाँचच्या शाफ्टला ते चालतं. तिथे फेरे कमी आणि जादा ग्रीस पाणी अडवतं. स्पिंडलचं गणित उलटं. बेअरिंग गच्च भरलं की बॉल ग्रीस घुसळत बसतात, घुसळण्यातूनच उष्णता. आतली रिंग बाहेरच्या रिंगपेक्षा जास्त तापून फुगते, प्रीलोड (बॉलवर मुद्दाम ठेवलेला दाब) वाढतो, मग आणखी तापतं.

खोललं. बॉलच्या वाटेच्या दोन्ही कडांना तपकिरी, मेणासारखा थर. नखाने खरवडावा लागला. ग्रीस म्हणजे बहुतेक वेळा साबणात धरून ठेवलेलं तेल. वर्षानुवर्षांत तेल निथळून गेलेलं, उरलेला नुसता साबण. त्यावर कुणीतरी मारलेलं निळं ग्रीस. रंगावरून जात कळत नाही, आणि लिथियमचं नि पॉलियुरियाचं ग्रीस अनेकदा एकमेकांशी पटत नाही, पातळ होऊन ओघळतं. म्हणून वरून भर घालण्यात अर्थ नाही, जुनं सगळं काढायचं.

अँग्युलर काँटॅक्ट बेअरिंगची, म्हणजे तिरका भार घेणाऱ्यांची, जोडी होती. कुठलं वर, कुठलं खाली, तोंड कुठे, याच्या खुणा आधी केल्या. टर्पेंटाइनमध्ये धुतली. कॉम्प्रेसरची हवा मारली नाही: सुकं बेअरिंग हवेने गरगर फिरवलं की बॉलची वाट, म्हणजे ट्रॅक, खरवडतो, आणि पावसाळ्यात आमच्या हवेच्या पाइपातून पाणीच जास्त येतं. उघड्या हाताने तर धरूच नये. घामाचा ठसा आणि खारा वारा, दोन दिवसांत गंज. भिंगातून ट्रॅक पाहिला. बॉलच्या अंतराअंतरावर गंजाचे ठिपके असते, तर मशीन दमट हवेत नुसतंच उभं होतं असं समजून जोडी बदलली असती. इथे पट्टा साफ निघाला.

स्पिंडलचं ग्रीस महाग, पण लागतंच किती? मोकळ्या जागेच्या पाव ते एक तृतीयांश.

मग सगळ्यात कमी स्पीडवर वीस मिनिटं, बंद, थंड होऊ द्यायचं, पुढचा स्पीड. सुरुवातीला ताप चढतो, ग्रीस बाजूला सरकलं की उतरून स्थिरावतो. ६० अंशांच्या वर गेलं की मी थांबवतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, लाँचच्या शाफ्टच्या की-वेची (चावी बसवायच्या खाचेची) सगळी कामं तेव्हाच अंगावर येतात, तरी ही पायरी मी गाळत नाही. लाँचचा तांडेल थांबतो.