आमची वाटचाल : पुठ्ठ्याची खोकी आणि दिवाळीची यादी

२००४ साली कुपवाड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये आम्ही पुठ्ठ्याची खोकी करायला लागलो. कागदाला नागमोडी घड्या पाडणारं एक जुनं कोरुगेशन मशीन, पिना मारायचं एक, आणि तीन माणसं. सांगली-तासगावात बेदाण्याला पंधरा किलोचं खोकं लागतंच, त्यामुळे पोट भरलं. शेड स्वतःची झाली, मशिनं वाढली. ते सगळं लांबवत नाही.

ऑर्डर कशी मिळायची, ते मात्र सांगतो. माल घेणाऱ्या कंपन्यांतल्या खरेदीच्या साहेबांना कोल्हापूरला तांबड्या-पांढऱ्यावर न्यायचं, दिवाळीला चांदीचं नाणं, आणि अधूनमधून एखादं पाकीट गाडीच्या डॅशबोर्डवर ‘विसरायचं’. हिशोब बायको बघते. तिने यासाठी वेगळी वही घातली होती : तारीख, नाव, काय दिलं, कशासाठी. चौथ्या रकान्याशी ती अडायची. "काय लिहू?" मी म्हणायचो, "संबंध लिही."

एका पावसाळ्यात क्राफ्ट पेपर, म्हणजे खोक्याचा तपकिरी कागद, महागला. ठरला होता दीडशे जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला दीडशे ग्रॅम वजनाचा कागद. एका लॉटला मी बाहेरच्या थराला एकशेवीसचा लावला. माल उतरला तेव्हा साहेबांनी खोकं हातातसुद्धा घेतलं नाही, चलनावर सही केली आणि चहा मागवला. महिन्याभरात कोल्ड स्टोरेजमधून फोन. दमटपणाने खालच्या थराची खोकी मऊ पडून बसली होती, थप्पी भिंतीला टेकली होती आणि फाटलेल्या कोपऱ्यातून बेदाणा फरशीवर चिकटला होता. साहेब तिथेच उभे. मी शिव्या खायच्या तयारीने गेलो होतो. ते हळूच म्हणाले, "बघून घ्या जरा, वरपर्यंत नको." बोंब मारायचा हक्क त्यांचा होता, पण तो मीच त्यांना जेवू घालून गिळायला लावला होता. आणि ते गिळतील हे धरूनच मी कागद हलका लावला होता. रातोरात खोकी बदलून दिली, बिल केलं नाही.

यानंतर मी सुधारलो असं लिहिता आलं असतं. कागद पुन्हा हलका लावला नाही, एवढंच खरं. नाणी चालूच राहिली.

थांबलो ते सीएमुळे. १ जुलै २०२२ पासून आयकराचं १९४आर कलम आलं. धंद्याच्या संबंधातून एका पार्टीला वर्षात वीस हजारांच्या वर काही दिलं, तर त्यावर दहा टक्के टीडीएस. वही बघून सीए म्हणाले, "हे साहेब नोकरीत आहेत ना? मग टीडीएस कंपनीच्या पॅनवर जाणार. कंपनीच्या २६एएसमध्ये, म्हणजे कराच्या उताऱ्यात, दिसेल." मी ते साहेबांना फोनवर जसंच्या तसं सांगितलं. दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "राहू दे हो, कशाला उगाच." त्या दिवाळीला त्यांनी काहीच घेतलं नाही, आणि उन्हाळ्यात ऑर्डर दुसरीकडे गेली. आमच्या उलाढालीचा पाचवा हिस्सा होता तो. दोन पोरांच्या पाळ्या कमी कराव्या लागल्या. ते मला अजून टोचतं.

आता दिवाळीला सगळ्यांना एकच : अर्धा किलो हळद, अर्धा किलो बेदाणा. गेटवरच्या वॉचमनला तेच, मालकाला तेच. पत्ता ऑफिसचा, घरचा नाही. जीएसटीचं क्रेडिट भेटवस्तूवर मिळत नाही, ते आम्ही धरतही नाही. लग्नाचा आहेर मात्र मी अजून करतो, मांडवात, नाव घालून पाचशे एक. त्यावर बायकोचं नि माझं एकमत नाही.

गेल्या वर्षी एका नव्या कंपनीने हळदसुद्धा परत पाठवली, वर छापील पत्र : आमच्या धोरणात बसत नाही. बायकोने वहीत पाचवा रकाना आखला, ‘परत आलं’. ती हळद सध्या आमच्याच आमटीत चालू आहे.