चोवीस की अठ्ठावीस?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवून दीडशे सीसीचं इंजिन पावणेदोनशेपर्यंत नेलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: आता कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) किती मिलिमीटर तोंडाचा टाकू, २४ चा की २८ चा? साताऱ्यात हे विचारणारे बरेच भेटतात. महाराष्ट्र स्कूटर्सची 'प्रिया' इथलीच, त्यामुळे असल्या गाड्यांवर जीव असणाऱ्यांची इथं वाण नाही.

माझं उत्तर २४. तोही मूळ धाटणीचाच, कार्बोरेटरच्या जुन्या डब्यात बसणारा. फक्त खाली केसिंगचं (इंजिनाच्या कवचाचं) तोंड तेवढं रुंद करून घ्या. २८ चा गोल स्लाइडवाला (मूठ पिळली की आतली गोल पट्टी वर सरकते तो) दिसतो झकास, पण तोंड मोठं म्हणून कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो आणि जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून) पेट्रोल नीट ओढलं जात नाही. हायवेला मूठ पूर्ण पिळून पळणाऱ्याला ते चालेल. कासच्या वाटेवर यवतेश्वरच्या वळणावर डबलसीट चढताना तीच गाडी गुदमरते. शिवाय मूळ डबा गेला की बहुतेकांचा एअर फिल्टरही जातो आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये.

गोल स्लाइडवाल्याची एक बाजू खरी: त्याला सुई असते. पाव ते पाऊण थ्रॉटलमधलं मिश्रण सुईवरची क्लिप वर-खाली करून जमवता येतं. मूळ धाटणीच्या कार्बोरेटरला सुईच नाही.

पण खरं सांगू का, लोक मापावर वाद घालतात आणि जेटवर कंजुषी करतात. नव्या कार्बोरेटरसोबत मेन जेटचे (पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल देणाऱ्या जेटचे) चार-पाच नंबर घेऊनच या. मोठ्यापासून सुरुवात करा आणि एकेक पायरी खाली उतरा. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच जातं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी, आणि इंजिन सीझ, म्हणजे पिस्टन जागीच अडकतो. मित्राचा नंबर उचलून लावू नका. इटालियन पद्धतीच्या जेटवर १०५ म्हणजे १.०५ मिलिमीटरचं भोक. मिकुनी या जपानी कंपनीच्या षटकोनी जेटचा आकडा पेट्रोलच्या प्रवाहावरून ठरतो. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. त्याला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त लागतं, त्यामुळे जुन्या काळचा नंबर आज कमीच पडतो.

तपासायचं असं: नवा प्लग, मोकळा रस्ता, पूर्ण थ्रॉटलला थोडं पळवून एकदम इंजिन बंद आणि क्लच दाबलेला. प्लग काढून बघा. पांढरा असेल तर पेट्रोल कमी पडतंय, जेट वाढवा; काळा-ओला असेल तर जास्त होतंय, कमी करा, कॉफीचा रंग आला की थांबा. (आरसीवरच्या सीसीत आणि इंजिनात फरक पडला की कायद्याचं काय, ते आरटीओत विचारा, मला नको.)

हे सगळं साताऱ्यातच करा, वर जाऊन नको. कास १२०० मीटरच्या आसपास, महाबळेश्वर त्याहून उंच. तिथं हवा विरळ, म्हणून प्लग काळा दिसतो आणि माणूस जेट लहान करून बसतो. मग तशीच गाडी आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरवली, की खाली दाट हवेत पेट्रोल अपुरं पडतं. उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गिअरमध्ये सोडलेल्या इंजिनाला तर ऑइल जवळजवळ मिळतच नाही. तेव्हा घाट उतरताना अधूनमधून क्लच दाबून मूठ जराशी पिळत जा.