बीटा एचसीजीचा कटऑफ ठरवला, पण रिपोर्टवर आणताना जीव मेटाकुटीला आला

आमच्या बेळगावच्या लॅबमध्ये नवीन मशीन आलं तेव्हा बीटा एचसीजीची, म्हणजे रक्तातल्या गरोदरपणाच्या हार्मोनच्या टेस्टची रेंज तपासायचं काम माझ्याकडं आलं. कॅलिब्रेशन, कंट्रोल सगळं सुरळीत. प्रेग्नंट नसलेल्या निरोगी बायकांची २० सॅम्पलं लावायची, त्यातली २ पर्यंत रेंजच्या बाहेर गेली तरी चालतं, आमची सगळी ५ च्या आत आली.

अडलं ते सॉफ्टवेअरपाशी. त्यात खाने दोनच, ५ च्या खाली निगेटिव्ह, वर पॉझिटिव्ह. मी म्हटलं ५ ते २५ ला "४८ तासांनी परत तपासा" अशी वेगळी ओळ पाहिजे, कारण सुरुवातीला गर्भ नीट वाढत असेल तर आकडा दोन-तीन दिवसांत साधारण दुप्पट होतो, एका रिपोर्टवर काय कळणार? आणि वय ५५ च्या पुढं कटऑफ १४ धरा, पाळी गेल्यावर मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतूनच थोडं एचसीजी रक्तात येतं. सपोर्टवाला म्हणे मॅडम तिकीट टाका. टाकलं तर न विचारता बंद केलं. मग लेटरहेडवर आणा, मग पॅथॉलॉजिस्टची सही आणा, मग म्हणे वयानुसार रेंज या टेस्टला देताच येत नाही. हिमोग्लोबिनला येते मग हिला का नाही, याचं उत्तर शेवटपर्यंत कुणी दिलं नाही.

तेवढ्यात चंदगडकडच्या एक मावशी पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनला आलेल्या, वय साठीच्या आसपास. पॅकेजमध्ये ही टेस्ट वय न बघताच पडते. आकडा ९, आणि रिपोर्टवर ठळक अक्षरांत पॉझिटिव्ह! सून कागद घेऊन काउंटरवर उभी, मावशी मान वर करेनात, ऑपरेशन थांबलेलं. मी त्याच ट्यूबमधून एफएसएच (पाळी गेल्यावर खूप वाढणारं पिट्युटरीचं हार्मोन) लावलं, ते ४५ च्या कितीतरी वर, म्हणजे पिट्युटरीचंच. डॉक्टरांना फोन करून सांगितलं तेव्हा पुढं सरकलं. माझा संताप अजून गेलेला नाही, त्या बाईंनी काय म्हणून ऐकून घ्यायचं?

तो रिपोर्ट आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांच्या टेबलावर ठेवला, सरांनी स्वतः फोन लावला आणि दोन्ही बदल लगेच झाले. म्हणून सांगते, तिकिटाच्या नादी लागू नका, पॅथॉलॉजिस्टना पहिल्यापासून बरोबर घ्या.

आणि हो, लघवीच्या बऱ्याच किट २५ च्या आसपास लाईन दाखवतात, त्यामुळं रक्तात १२ आणि किट निगेटिव्ह असं होऊ शकतं, घाबरू नका. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, काही मशीनवर आकडा खोटा कमी येतो. परत तपासणी मात्र त्याच लॅबमध्ये करा, मशीन बदललं की आकडे जुळत नाहीत.