आमची वाटचाल : सात इंची धंदा

मँचेस्टरमधलं आमचं रेकॉर्ड लेबल आम्ही नवरा-बायको चालवतो, नोकऱ्या सांभाळून. इथल्या बझकॉक्स या पंक बँडनं १९७७च्या जानेवारीत उसनवारी करून ‘स्पायरल स्क्रॅच’ या रेकॉर्डच्या हजार प्रती स्वतःच काढल्या आणि इथल्या पोरांना कळलं, कंपनीच्या दारात उभं राहायची गरज नाही. पुढच्या चार-पाच वर्षांत असे किती सिंगल, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या सात इंची तबकड्या, निघाले! फार तर रेडिओ निवेदक जॉन पीलनं बीबीसीवर रात्री वाजवला, की विषय संपला. त्यातले काही पुन्हा बाजारात आणायचे, हे आमचं काम.

पहिला सिंगल ठरवणं सोपं होतं. हक्क मिळवताना मात्र दमछाक झाली. ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रणाचे हक्क पूर्वी ५० वर्षं असायचे, २०१३पासून ७०. म्हणजे हक्क अजून संपलेले नाहीत, बँडमधल्या चौघांच्याही सह्या हव्यात, आणि चौघांपैकी दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. (म्हणूनच बँडचं नाव इथे लिहीत नाही.) ड्रमर म्हणाला, ‘‘हे विकत कोण घेणार?’’ सही मात्र त्यानंच सगळ्यांत आधी केली. गीत-संगीताचे पैसे वेगळे. त्यासाठी प्रती काढण्याआधीच एमसीपीएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचा, परवाना लागतो.

मूळ टेप मिळाली, पण चिकट झालेली. त्या काळच्या काही टेपांमधला बाइंडर, म्हणजे चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ, ओलावा शोषतो. पन्नासेक अंशांवर काही तास मंद तापवल्याशिवाय ती वाजवता येत नाही. टेपवर एकच बाजू निघाली. दुसरी एका संग्राहकाच्या स्वच्छ प्रतीवरून उतरवली. इंजिनिअर खरखर पुसायला निघाला होता. आम्ही नको म्हटलं. स्वस्तातल्या स्टुडिओत झालेलं काम स्वस्तातलंच ऐकू यायला हवं.

फेब्रुवारी २०२०मध्ये कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला आणि लॅकर, म्हणजे छपाईआधी जिच्यावर आवाजाची खाच कापतात ती लेप दिलेली तबकडी, बनवणारी जगात एकच कंपनी उरली, जपानमधली. खाच थेट तांब्यावर कापायचा पर्याय होता. तो आवाज आम्हाला फार चकचकीत वाटतो. लॅकरसाठी थांबलो.

हिशेबाचं म्हणाल, तर सात इंची तबकडी छापायला एलपीपेक्षा फारशी स्वस्त पडत नाही, किंमत मात्र तेवढी लावता येत नाही. आम्ही ३०० प्रती काढल्या. खर्च वजा जाता नफा बँडशी निम्मा-निम्मा, लंडनच्या रफ ट्रेड या लेबलची जुनी रीत. ड्रमरला चेक गेला तेव्हा त्यानं फोन करून आकडा बरोबर आहे ना, विचारलं.

दुसऱ्या सिंगलच्या तीन सह्या झाल्या आहेत. चौथा सभासद स्पेनमध्ये राहतो आणि ईमेल वापरत नाही.