चर्चचं वर्ष आणि आमचा तरुण संघ

चर्चचं नवीन वर्ष जानेवारीत सुरू होत नाही हे आम्हाला कोणी वेगळं शिकवावं लागलं नाही, कारण तरुण संघाचा पहिला मोठा कार्यक्रम नोव्हेंबर संपता संपताच असायचा. ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळचा रविवार म्हणजे अ‍ॅडव्हेंटचा, नाताळची वाट बघायच्या काळाचा, पहिला रविवार, आणि आदल्या शनिवारी संध्याकाळी आम्ही सगळे चर्चमध्ये हजर, लहान पोरं, कॉलेजातले दादा-ताई, महिला मंडळातल्या मावश्या, कोणी झाडू मारतंय, कोणी वेदीवरचं हिरवं कापड काढून जांभळं घालतंय, आणि एका टेबलावर हिरव्या पानांचं गोल चक्र बांधायचं काम चाललेलं. त्यात चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. संडे स्कूलच्या ताई दर वर्षी त्याची गोष्ट सांगायच्या, १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांचा आश्रम चालवायचे, मुलं रोज विचारायची नाताळ कधी, तर त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, मोजा म्हणाले. आम्हाला गोष्ट पाठ होती तरी ऐकायचो.

ताईंचा एक नियम फार कडक होता. कॅरलची, म्हणजे नाताळच्या गाण्यांची, प्रॅक्टिस हवी तेवढी करा, पण अ‍ॅडव्हेंटच्या उपासनेत नाताळचं गाणं म्हणायचं नाही. "अजून आलेला नाहीये तो, थांबा जरा." तेव्हा राग यायचा, बाहेर सगळीकडे नाताळ सुरू झालेला आणि आम्ही मात्र थांबलेलो. पण त्या चार आठवड्यांत आम्ही यशया संदेष्ट्याचे उतारे ऐकत बसायचो, आणि अंधारात राहणाऱ्या लोकांना मोठा प्रकाश दिसला हे वाक्य चौथ्या रविवारपर्यंत अंगात मुरलेलं असायचं. वाट बघणं ही पण उपासनाच असते, हे मी तिथे शिकले, कुठल्या प्रवचनात नाही.

कॅरल सर्व्हिस मात्र तरुण संघाची. नऊ वाचनं आणि मधे मधे गाणी, हा क्रम १८८० मध्ये इंग्लंडात ट्रुरोला सुरू झाला आणि १९१८ मध्ये, महायुद्ध नुकतंच संपलेलं असताना, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने तो घेतला, तिथून जगभर गेला. आमच्याकडे पहिलं वाचन सगळ्यात लहान वाचता येणाऱ्या मुलाला द्यायचे आणि शेवटचं पाळकसाहेब करायचे. पहिलं वाचन उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातलं, आदाम झाडांमागे लपलाय आणि देव त्याला हाक मारतोय. एका वर्षी एक चिमुरडी स्टुलावर उभी राहिली, माइक तिच्या तोंडापर्यंत पोचेना म्हणून कोणीतरी तो हातात धरला, आणि त्या बारीक आवाजात "तू कोठे आहेस?" असा प्रश्न भरलेल्या चर्चला विचारला गेला. पुढच्या बाकावरच्या एका आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला आजही ते वाचन मोठ्या माणसाच्या आवाजात ऐकवत नाही.

नाताळ झाला की लोकांचा नाताळ संपतो, आमचा संपायचा नाही, तो बारा दिवसांचा, ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत. त्या दिवसांत संघ घरोघरी जायचा, पण फक्त त्यांच्याकडे ज्यांना चर्चला येता येत नाही, अंथरुणावरचे, फार म्हातारे, नुकतंच कोणी गेलेलं घर. तीन गाणी, एक प्रार्थना, आणि निघायची घाई करायची नाही, एवढंच. माझ्या मते वर्षातला सगळ्यात खरा कार्यक्रम हाच होता, स्टेज नाही, टाळ्या नाहीत.

मग लेंट, ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ. पोरांना सगळ्यात आवडायचं ते राख बनवणं. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, घरी नेलेल्या झावळ्या सगळ्यांनी परत आणायच्या, त्या वर्षभरात कडक वाळून पिवळ्या झालेल्या, कोणाच्या क्रूसाच्या आकारात विणलेल्या, त्या एका पत्र्याच्या डब्यात जाळायच्या, भुर्रकन पेटतात, धूर डोळ्यात जातो, आणि एवढ्या मोठ्या ढिगाची राख होते जेमतेम मूठभर. ती चाळायची, दोनदा, खडे राहायला नकोत. दुसऱ्या दिवशी, राखेच्या बुधवारी, लेंट सुरू होताना तीच राख कपाळावर, तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील हे शब्द. होसान्ना म्हणत, येशूचा जयजयकार करत ज्या हलवल्या त्याच झावळ्या, हे दहा वर्षांच्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही, त्याने स्वतः जाळलेल्या असतात ना.

चाळीस दिवस, रविवार न मोजता. हालेलूया हा देवाच्या स्तुतीचा घोष म्हणायचा नाही. संघात प्रत्येकाने काय सोडायचं ते ठरवायचं, पण मोठ्याने सांगायचं नाही, आणि सोडल्यामुळे जे पैसे वाचतील ते एका डब्यात, नाव न लिहिता. पवित्र सप्ताहातल्या गुरुवारी पाय धुणं व्हायचं, येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचा योहानाचा तेरावा अध्याय वाचून. एका वर्षी संघातल्या दोन दादांचं कित्येक महिने बोलणं बंद होतं, त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी विषय काढत नव्हतं. त्या रात्री एकजण टॉवेल घेऊन सरळ दुसऱ्याच्या समोर जाऊन गुडघ्यावर बसला. दुसऱ्याने आधी पाय मागे घेतला, मग पुढे केला. पाणी ओतल्याचा आवाज सोडून काहीच नव्हतं. लगेच गळाभेट वगैरे झाली नाही, पण शुक्रवारी बारा ते तीन, क्रूसावरच्या सात उद्गारांच्या उपासनेत, ते एकाच बाकावर बसले होते.

ईस्टर, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठल्याचा सण, दर वर्षी वेगळ्या तारखेला, २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, त्यामुळे कधी २२ मार्चला तर कधी थेट २५ एप्रिलपर्यंत, आणि परीक्षा आणि पहाटेची उपासना यांची गाठ बसवताना घरोघरी वाद. पण उजाडायच्या आत सगळे आलेले असायचे. "प्रभू उठला आहे!" "खरोखर उठला आहे!" आणि चाळीस दिवस दाबून ठेवलेलं हालेलूया असं काही निघायचं की क्वायरचा सूर वगैरे कोण बघतंय.

एका वर्षी माझे बाबा गेले ते ईस्टरच्या दुसऱ्या आठवड्यात. ईस्टर हा एक दिवस नाही, पन्नास दिवसांचा काळ आहे, सगळीकडे पांढरं, सगळी गाणी आनंदाची, आणि माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता. मी नुसती उभी राहायचे. शेजारी संघातल्या मुली गायच्या, माझ्या वाटचं पण त्याच गायच्या. मनात काय आहे हे बघून काळ बदलत नाही, आपल्याला पेलवेना तेव्हा बाकीची मंडळी तो पेलते, आणि पेंटेकॉस्टला, पवित्र आत्मा शिष्यांवर उतरल्याच्या सणाला, लाल कापड आलं, प्रेषितांची कृत्यं दुसरा अध्याय चार-पाच भाषांत एकदम वाचायला सुरुवात झाली, तेव्हा कुठे मी पहिल्यांदा थोडं गुणगुणले. (आपण दुःखाचे चाळीस दिवस किती मनापासून पाळतो, आणि आनंदाचे पन्नास दिवस एका रविवारी उरकून टाकतो, हे मला अजूनही खटकतं.)

त्यानंतरचा सामान्य काळ, हिरवा, जवळजवळ अर्धं वर्ष. फारसे सण नाहीत. शिबिर, बायबल क्विझ, दर रविवारी शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चरित्राचा, पुढचा तुकडा, एक वर्ष मत्तय, एक वर्ष मार्क, एक वर्ष लूक. या काळाचे फोटो कोणाकडे नाहीत, पण संघातली मैत्री, हॉस्पिटलमधल्या पाळ्या, कोणाच्या तरी फीची सोय, हे सगळं तेव्हाच घडलं.

आणि शेवटचा रविवार, ख्रिस्त राजा. तसा सण नवाच, पोप अकरावे पायस यांनी १९२५ मध्ये सुरू केला, नंतर इतर चर्चेसनीही घेतला. मत्तयाच्या वर्षी त्या दिवशी पंचविसावा अध्याय येतो, त्यात राजा म्हणतो, मी भुकेला होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो. उपासना झाली की लगेच संघाची वार्षिक सभा, हिशोब वाचायचा, नवा सेक्रेटरी निवडायचा, आणि घरभेटींची वही काढायची. जुन्या सेक्रेटरीने जाताना एकच काम करायचं, ज्या घरी या वर्षी जायचं राहून गेलं त्यांची नावं नव्या पानावर सगळ्यात वर लिहून द्यायची.